बिनकिडीचं वांगं

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वांगी कमी आणि किस्से जास्त पिकतात. पाणी घालायला बादली घेऊन वर जावं आणि खाली येताना एक किस्सा घेऊन यावं, असं वर्षभर चाललंय. त्यातले चारचौघांत सांगण्यासारखे सांगते. बाकीच्यांसाठी चहाला या!

आम्ही तिघी. मी शाळेत शिकवते. समोरची पद्मा शिवणकाम करते. आणि वरच्या मजल्यावरच्या महादेवी आक्का, मैंदर्गीच्या. गुडघे गेले म्हणून मुलानं सोलापुरात आणलं, तर येताना साड्यांच्या आधी वांग्याचं बी बांधून घेतलं. दहा कुंड्या त्यांच्या, हमाली आमची.

विरोधी पक्ष एकच. सोसायटीचे सेक्रेटरी देशमुख काका! झाडांवर मावा पडला तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "कुंड्यांमुळं किडे होतात, कुंड्या काढा." शेवटी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "चंपाषष्ठीला सगळ्यांसमोर पाच वांगी चिरायची. एक जरी किडकं निघालं, तर कुंड्या खाली!"

आक्का गुडघा धरून उठल्या. "शेत सुटलं माजं. आता कुंड्या बी सोडू व्हय? चिरा की! पर विषारी औषध मारनार न्हाय. नातवंडं खात्यात माजी."

मला तर तिथंच टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं.

*

माव्यावर आक्कांचा उपाय म्हणजे राख. फ्लॅटमध्ये चूल कुठली? आक्का गावी गेल्या, पुतण्याच्या चुलीतली राख स्टीलच्या डब्यात भरली, वर फडकं बांधलं आणि डबा मांडीवर घेऊन एसटीत बसल्या.

शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय ओ डब्यात?"

"राख हाय."

बाईनं सरकून जागा केली. मग कुणी खिडकीची जागा दिली, कुणी पाण्याची बाटली पुढं केली. आक्कांना वाटलं, माणसं लई चांगली आहेत आज. शेवटी कंडक्टर हात जोडून म्हणाला, "मावशी, कोण होतं तुमचं?"

"कोन म्हंजे? बाभळीचं लाकूड हुतं!"

*

मग आली पांढरी माशी. पद्मानं जुन्या पुठ्ठ्यांना पिवळा रंग दिला, वर चिकट एरंडेल फासलं आणि पुठ्ठे झाडांमध्ये टांगले. माश्या पिवळ्या रंगाला भुलतात आणि चिकटून बसतात.

काका पुरावा म्हणून मोबाइलवर फोटो काढायला वर आले. सगळ्या कुंड्या एका फोटोत याव्यात म्हणून एक पाऊल मागं, अजून एक पाऊल मागं... आणि नवाकोरा पांढरा शर्ट थेट पुठ्ठ्याला!

पद्मा जिन्यातून ओरडली, "आक्का, सापळा चालतोय! लई मोठा सापडलाय!"

*

खरी वैरीण मात्र शेंडा पोखरणारी अळी. सकाळी बघावं तर शेंड्यानं मान टाकलेली. पुढं तीच वांग्यात शिरते आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. आम्ही रोज वाळके शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवायचो. एका आठवड्यात इतके खुडले, की मला रडू यायला लागलं. म्हटलं, "आक्का, हरलो आपण."

"पानी घाल गप," आक्का म्हणाल्या. "माजं मी बघते, अळीचं अळी बघंल."

मग मी कामगंध सापळा आणला. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासानं नर पतंग येतात आणि आत अडकून मरतात. मी हे अगदी वर्गात शिकवल्यासारखं समजावून सांगितलं.

आक्का म्हणाल्या, "यात नवीन काय सांगितलंस?"

मागं हे ऐकत उभा असलेला पद्माचा नवरा त्या दिवसापासून गच्चीवर यायचा बंद झाला!

*

चंपाषष्ठी आली. काकांच्या घरी चातुर्मास कडक, चार महिने वांगं वर्ज्य. गच्चीवर बाजरीचे रोडगे तयार, कांद्याची पात चिरलेली. नैवेद्याच्या भरितासाठी आक्कांनी सुपात पाच वांगी ठेवली. सुरी काकांच्या हातात.

पहिलं स्वच्छ. दुसरं, तिसरं स्वच्छ. चौथं चिरलं, पद्मानं माझा हात घट्ट धरला. तेही स्वच्छ!

पाचव्यात अळी. चांगली गुबगुबीत, गुलाबी.

"ठरलं होतं," काका म्हणाले.

आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून त्यांनी पहिली कुंडी उचलली. मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू!

तेवढ्यात देशमुख काकू पुढं आल्या. मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारी बाई! त्यांनी काकांच्या हातातली सुरी घेतली, वांग्याचा किडका भाग कापून टाकला आणि उरलेलं सुपात ठेवलं.

"चाळीस वर्षं भाजायच्या आधी वांग्याला चीर देऊन बघतेय मी. किडकं तेवढं काढते आणि उरलेलं तुम्हाला वाढते. मागच्या चंपाषष्ठीला दोनदा मागून घेतलंत. बोला, आता कुंड्या काढायच्या का माझं जेवण बंद करायचं?"



काकांनी आक्कांच्या हातातली कुंडी घेतली, होती त्या जागी ठेवली, हात झटकले आणि म्हणाले, "भाजा की लवकर. चार महिने झाले वांगं खाऊन!"