हजर मुलीची गैरहजेरी

तंजावुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी गणित शिकवते. त्या वर्षी अकरावीचा वर्ग माझ्याकडे होता. हजेरीला नाव पुकारलं की मुलीनं ‘उळ्ळेन’ म्हणायचं, म्हणजे ‘मी आहे’. एका सकाळी मी एक नाव पुकारलं आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “इल्लै, मिस.” नाही.

मान वर न करता मी गैरहजेरी मांडली. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी सहज वर पाहिलं, तर ती समोर बसलेली. खिडकीकडच्या बाकावर, दोन्ही वेण्या रिबिनीनं वर बांधलेल्या, हात मांडीवर. तिच्या पुढचा, मागचा, शेजारचा बाक रिकामा. तिचे ओठ हलले. ‘उळ्ळेन’ म्हणाली असावी. पण त्यावर पुन्हा चाळीस गळ्यांचं ‘इल्लै’ पडलं, अगदी मऊ, प्रार्थना म्हणावी तसं. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

स्टाफरूममध्ये विचारलं. “ती आजारी आहे ना?” बाकीच्या शिक्षिका म्हणाल्या. ती रोज त्यांच्या तासाला बसत होती आणि एकीलाही दिसली नव्हती.

दुपारी तिला जिन्यात गाठलं. तिच्या घरी आमच्यासारखीच तंजावुरी मराठी बोलतात. तिला सगळं कळतं, उत्तर मात्र तमिळमध्ये देते.

“काय झालं ग? मला सांग.”

पापनाशमहून बसनं येणाऱ्या एका वर्गमैत्रिणीला तिनं पत्र लिहिलं होतं. तू मला आवडतेस, मैत्रीण म्हणून नाही, त्याहून जास्त. ते पत्र वर्गभर फिरलं. दुसऱ्या दिवसापासून ती कुणाला दिसेनाशी झाली.

“नळाशी धक्का लागला तरी वळून बघत नाहीत, मिस,” ती म्हणाली. “परवा घरी आरशापुढे जाऊन उभी राहिले. मी दिसते की नाही ते बघायला.”

मी विचारलं, “उद्या प्रार्थनेनंतर मी बोलू? तुझं नाव घेणार नाही.”

ती म्हणाली, “बोला. पण ते पत्र खोटं होतं, असं म्हणू नका.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी माईकपुढे उभी राहिले. या गावात मला सगळे ओळखतात. मी म्हणाले, “आपल्या शाळेत एका मुलीला एक मुलगी आवडली. हा गुन्हा नाही. तिला जिवंतपणी नाहीशी करणं हा गुन्हा आहे. आणि चार दिवस मीही तो केला.”

मैदानावरचे शेकडो चेहरे माझ्याकडे पाहत होते, आणि क्षणभर वाटलं, आता मीही यांना दिसत नाही.

हेडमिस्ट्रेसनी लगेच बोलावलं. “पालक येतील. काय सांगणार तुम्ही त्यांना?”

“जे मुलींना सांगितलं तेच.”

पालक आले. एका आईनं विचारलं, हे लागण होण्यासारखं असतं का? मला लेखी ताकीद मिळाली. पण दुसऱ्या दिवशी हेडमिस्ट्रेस स्वतः माझ्या वर्गात येऊन मागं बसल्या. मी तिचं नाव पुकारलं. ‘इल्लै’ आलं, पण विरळ. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली, दप्तर उचलून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, “आहे, मिस. ही इथंच आहे.”

सगळं काही एका दिवसात निवळलं नाही. पण महिन्याभरात त्या बाकांवर मुली बसू लागल्या. आता ती तिरुचीला कॉलेजात आहे. कधीतरी फोन करते, खूप बोलते.

जिला पत्र लिहिलं होतं, तिला मात्र घरच्यांनी पोंगलच्या सुट्टीत शाळेतून काढलं. तिच्याशी मी एकदाही बोलले नव्हते. पुढं तिचं काय झालं, हे त्या वर्गातल्या कुणालाच ठाऊक नाही.