फाटकातला एक इंच

बोईसरला आमच्या वस्तीतल्या बागेत चाकाच्या खुर्चीवरून फिरता येईल अशी वाट करा, म्हणून सहा वर्षं अर्ज मी लिहिले. माझा धंदाच तो. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहून देते. पोलिओ लहानपणीच झालेला. पूर्वी पायाला कॅलिपर लावून चालायचे, तेव्हा बागेच्या मागच्या टोकाला तळ्यापर्यंत जायचे. पुढे खांदे दुखायला लागले, चाकाची खुर्ची आली आणि तळं सुटलं. फाटकाला तीन पायऱ्या, आत उखडलेले पेव्हर ब्लॉक. मला ते तळं परत बघायचं होतं, दुसरं काही नको होतं.

मग ती आली. तिशीच्या आतली, माहेर दातिवऱ्याचं, लग्न होऊन इकडे आलेली. मनोर रस्त्यावर स्कूटरवरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. वाईटच झालं, नाही कशाला म्हणू? पण दीड वर्षात ती खुर्चीवरून एकटी बाजार करायला लागली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. तिची खुर्ची म्हणजे हलकी, काळीभोर, अंगाला बेतून शिवल्यासारखी. रिक्षात टाकायची तर एका हाताने उचलावी. माझं लोखंडी धूड, त्यात बैठक रुंद करून घेतलेली, वळताना कुरकुर करणारं. ती माझ्या टेबलासमोरून जाताना हमखास थांबायची. "ताई, बरं हाय ना?" मी मान खाली घालून लिहीत राहायचे. समोर कागद नसला तरी लिहीत राहायचे.

शेवटी बागेच्या समितीने वाट करायचं ठरवलं. बैठकीला बोलावलं कुणाला? तिला. सहा वर्षांचे अर्ज माझे, आणि बैठकीत चहा पीत बसली ती! समितीतल्या एकाला विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला कशाला त्रास, म्हणून नाही सांगितलं." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर आठवड्याभरात फॅब्रिकेशनवाला माझ्या टेबलाशी आला. मासवणचा गडी, हातात मापाची टेप. बागेत पोरं मोटारसायकली घुसवतात, म्हणून फाटकात दोन लोखंडी पाइप रोवायचे होते. मधून खुर्ची जाईल एवढीच फट ठेवायची.

"ताई, खुर्चीचं माप घेतो."

"बैठकीला जिला बोलावलं तिचं घे."

"तुमची समोरच हाय. दोन मिनटाचं काम हाय."

"तिचंच घे म्हटलं ना!"

त्याने टेप गुंडाळली आणि गेला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी दुपारी दोन घास जास्तच गेले.

वाट तयार झाली. पायऱ्यांच्या जागी उतार, आत गुळगुळीत काँक्रीट, कडेने धरायला कठडा. उद्घाटन रविवारी संध्याकाळी होतं. या वेळी निरोप मलाही होता, म्हणून ठेवणीतली साडी नेसून गेले. फीत तिने कापली. टाळ्या पडल्या आणि ती पाइपांमधून सुळकन आत गेली, दोन्ही बाजूंना चांगली बोटबोट जागा ठेवून. तिच्या मागोमाग मी.

खण्ण!

उजव्या चाकाची हाताने फिरवायची कडी पाइपाला लागली. जरा मागे येऊन पुन्हा घातली, तर डावी लागली. कुणीतरी मागून रेटून पाहिलं. अडलं होतं फक्त इंचभर. "ताईंना उचलून घ्या, खुर्ची घडी करा," असं कुणीतरी म्हणालं. "हात लावायचा नाही कुणी!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळे गप्प झाले. मी खुर्ची मागे घेतली आणि कुंपणाबाहेर थांबले. बाहेरून वाटेचं पहिलं वळण तेवढं दिसतं, तळं दिसत नाही. ती त्या वळणाआड गेली. आता ती माझं तळं बघत असेल, म्हटलं, तिचं चाक पंक्चर होवो. हे मी मनात अगदी स्पष्ट म्हटलं.

पंक्चर काही झालं नाही. थोड्या वेळाने ती परत आली, फाटकातून बाहेर पडली आणि थेट माझ्यापाशी थांबली.

"ताई, माप मी दिलंय."

"माहीत आहे मला."

"माझी खुर्ची चोवीस इंच हाय. मी त्याला सत्तावीस सांगितलं. तुमची मोठी हाय ना, म्हणून. पण अंदाज चुकला. तुमची खुर्ची मी कदी जवळून बघितलीच नाय. तुमी थांबूच देत नाय."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. फॅब्रिकेशनवाला तिथेच उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं, पण तो माझ्याकडे न बघता पाइपावरचा रंग नखाने खरवडत राहिला. मीही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेप घेऊन टेबलाशी आला. या वेळी मी चाकावरचे हात काढून घेतले.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "हात जायाला धरून तीस करतो."

मी म्हटलं, "तेहतीस कर."

"मोटारसायकल घुसंल ना ताई!"

"घुसू दे. माझ्याहून मोठी खुर्ची असेल कुणाची."

दुसऱ्यासाठी तीन इंच वाढवायची ही रीत मी तिचीच उचलली होती, हे मला कळत होतं. त्याचाही राग आलाच.

पाइप सरकल्यावर मी एकटी आत गेले. वळण घेतलं, कठड्याकडेने हळूहळू टोकाला पोचले. तळं तसंच होतं, फक्त मला आठवत होतं त्यापेक्षा लहान. आणि काठाशी ती आधीच येऊन बसलेली. तिथेही माझ्या आधी! वळून निघून यावं असं फार वाटलं. पण मी माझं धूड तिच्या खुर्चीला अगदी चिकटून उभं केलं.

"आता बघ जवळून," मी म्हणाले. "अठ्ठावीस आहे. माप घ्यायला तो आधी माझ्याकडेच आला होता. मीच दिलं नाही."