उसना बिल्ला

चिंच लावून घासलेल्या पितळेचा एक आंबट, उग्र वास बोटांवर दिवसभर रेंगाळत राहतो. माझ्या सायकलीच्या हँडलाखाली रुपयाएवढा एक पितळी बिल्ला आहे. त्यावर कोरलेला नंबर आता अंगठ्यालाच अधिक कळतो, डोळ्यांना कमी. महापालिकेने सायकलींना बिल्ले देणे केव्हाच सोडून दिले, तरी मी तो काढलेला नाही. आणि कुणी हसत विचारले, ‘सायकलवाल्याला कसला हो परवाना?’ की माझे पित्त खवळते! ज्याच्या हातात हँडल आहे त्याला नाव हवे, नंबर हवा, आणि हाक आली की थांबण्याची लाज हवी. हे मी ठासून सांगतो, कारण ते मला फार महागात शिकावे लागले आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या झंझावाताचे ते दिवस! गिरगावातल्या भिंती घोषणांनी रंगलेल्या, आणि आम्ही विशीतले कारकून जणू इतिहासाचे सारथी होऊन फिरणारे. आमच्या चाळीत सायकली दोन होत्या, एक शेजारच्या दामूअण्णांची आणि एक माझी. बिल्ला मात्र एकच, दामूअण्णांच्या नावाचा. सरकारी कचेरीतला तो सज्जन माणूस दरवर्षी रांगेत उभा राहून तो काढी. रविवारी त्यांची सायकल जिन्याखाली विसावली की मी तो बिल्ला सोडवून सुतळीने माझ्या हँडलला बांधी. सगळ्या चाळीला ही मोठी अक्कलहुशारी वाटे. नियम म्हणजे सरकारचा जाच आणि तो चुकवणे म्हणजे पराक्रम, अशी आमची त्या काळची सोयीस्कर समजूत!

अशाच एका रविवारी दुपारी दुसऱ्या दिवशीच्या सभेची पत्रके कॅरिअरला बांधून मी लालबागकडे सुटलो. ‘सरकारने जनतेला जाब द्यावा’ असे ठळक अक्षरांत त्यांवर छापलेले होते, आणि तो मजकूर माझ्या डोक्यात दारूसारखा चढला होता. करी रोडच्या वळणावर घंटी न वाजवता मी सायकल घातली, आणि बाजाराची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका प्रौढ बाईवर जाऊन आदळलो. ती उजव्या हातावर पडली. कांदे गडगडत गेले, पत्रकांचा गठ्ठा सुटला. ‘अरे, धरा त्याला!’ असा ओरडा झाला, तसा मी सायकल उचलली आणि ठोकली धूम! मनाशी म्हटले, केवढ्या मोठ्या कामावर आहोत आपण, इथे अडकून कसे चालेल? माणूस स्वतःला किती सुंदर भाषेत फसवू शकतो!

परत फिरून भायखळ्याला आल्यावर दिसले, सुतळी तुटली होती आणि बिल्ला गायब होता. संध्याकाळी दामूअण्णांना मी ‘कुठेतरी पडला वाटतं’ एवढेच सांगितले. ते म्हणाले, ‘जाऊ दे रे, नवीन काढू.’

सोमवारी सकाळी हवालदार दारात उभा. बिल्ला त्याच्या हातात होता आणि त्या नंबरापुढे नोंदीत नाव दामूअण्णांचे. मी गॅलरीत तोंड धूत होतो. तोंडातली राखुंडी तोंडातच राहिली. त्या दिवसांत सरकारी नोकराचे नाव पोलीस चौकीत जाणे म्हणजे नोकरीवर निखारा ठेवणे होते, आणि घरात त्यांची तीन लेकरे. दामूअण्णांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. त्यांना सारे कळले होते, तरी माझे नाव त्यांनी घेतले नाही! शांतपणे कोटाची बटणे लावून ते जिना उतरू लागले.

खोटे कशाला बोलू, मी तीन मजले त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत उभा राहिलो. तो आवाज फरशीवर पोचला तेव्हा कुठे माझे पाय हलले. चिराबाजाराच्या कोपऱ्यावर त्यांना गाठले आणि हवालदारासमोर म्हणालो, ‘सायकल माझी होती. पळालो मी.’

चौकीतून हवालदार आम्हाला त्या बाईंकडे घेऊन गेला. त्या भागीरथीमावशी, करी रोडला गिरणी कामगारांची खाणावळ चालवीत. उजवे मनगट फळीला बांधलेले, समोर पिठाची परात, आणि शेजारच्या दोघीजणी भाकऱ्या थापत होत्या. कोनाड्यात माझी पत्रके नीट रचून ठेवलेली दिसली. लोकांच्या पायांखाली येऊ नयेत म्हणून त्या पडलेल्या बाईने ती डाव्या हाताने गोळा करवली होती! मी मान खाली घालून शब्द जुळवू लागलो, तर त्याच म्हणाल्या, ‘लागला ता ऱ्हवांदे. पण मागे वळान तरी बघूक होया होता रे झिला!’

लागले त्याचे काही नाही. मागे वळून पाहिले नाहीस, याचे दुःख. त्या एका वाक्यापुढे माझ्या सगळ्या घोषणा निमूट झाल्या. ज्याला स्वतःच्या दोन चाकांचा जाब देता येत नाही, त्याने राज्यकर्त्यांकडे कोणत्या तोंडाने जाब मागावा?

तक्रार त्यांनी मागे घेतली, पण मला सोडले नाही. ‘हात बरो होयसर दुसऱ्या पाळीचे डबे तूच पोचवूचे,’ हात बरा होईपर्यंतचे काम त्यांनी फर्मावले. दामूअण्णा तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा हसले. कचेरी सुटली की सहा आठवडे मी सायकलीला डबे लटकावून गिरणीच्या फाटकाशी जात होतो. आमटी सांडू नये म्हणून हळू जावे लागे, आणि हळू गेले की रस्त्यावरची माणसे दिसतात. म्हातारे दिसतात, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया दिसतात. यांतले कुणीही आपल्या घंटीच्या भरवशावर पाऊल टाकत असते, हे ध्यानात येते. मधल्या एका सकाळी रांगेत उभा राहून मी स्वतःच्या नावाचा बिल्ला काढला आणि सुतळीला फाटा देऊन स्क्रूने घट्ट बसवला.

शेवटचा डबा पोचवून आलो त्या दिवशी मावशींनी ती पत्रके माझ्या हाती दिली. सभा तर केव्हाच होऊन गेली होती. मी निघालो, वळणावर घंटी वाजवली, पाय टेकला आणि मागे वळून पाहिले. मावशी दारातच उभ्या होत्या, आणि त्यांनी उजवा हात वर केला.

आजही चिंचेने बिल्ला घासताना बोटांना तो वास लागतो, आणि मी नकळत मागे वळून पाहतो.