टीबीचा खुराक

गिरणी बंद पडली आणि वर्षभरात वडिलांना टीबी झाला. घाटकोपरच्या आमच्या चाळीत टीबीवर एकच उपाय सगळ्यांना पाठ होता, तो म्हणजे खुराक. कोणी खजूर आणून द्यायचं, कोणी केळी. आई रोज सकाळी दुधात अंडं फेटून वर भरपूर साखर घालायची. मे महिन्यात गावाहून आंब्यांची पेटी आली, तीही वडिलांच्याच खाटेखाली गेली. मला आजही खजूर बघवत नाही.

इंजेक्शनं, गोळ्या, काही चुकलं नाही. तरी खोकला हटेना, वजन उतरतच गेलं, थुंकीत जंतू तसेच. चाळ म्हणाली, खुराक कमी पडतोय. मग तो वाढवला.

दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वडिलांना विचारलं, "तहान फार लागते का हो?" मग निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी तापवली. रंग विटेसारखा लाल झाला.

"मधुमेह आहे. साखर अशीच राहिली तर टीबीची औषधं नीट लागू पडणार नाहीत."

आई उसळली, "मगे आजारी माणसाक खाऊक घालूचा नाय?"

"घाला ना. मासे घाला, अंडी घाला. गोड बंद."

इन्सुलिन सुरू झालं. टीबीच्या गोळ्या त्याच होत्या, पण आता त्या लागू पडू लागल्या. शेजारणी मात्र कुजबुजायच्या, नवऱ्याला उपाशी मारते. आई ऐकून घ्यायची.

थुंकी साफ आली त्या संध्याकाळी सगळी चाळ आनंदाने आमच्याकडे निघाली, हातात पेढे घेऊन. इतके महिने गप्प राहिलेली आई उंबऱ्यात दोन्ही हात पसरून वाट अडवून उभी राहिली.