औषधाच्या खिडकीतली मेथी

दवाखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. औषधांच्या रिकाम्या खोक्यांसारखे ते आपोआप साचतात, आणि एखादं काढायला जावं तर वरची चार अंगावर येतात!

मी मूळचा लातूरचा. नांदेडच्या कडेला, लोह्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक वस्ती आहे. तिथं एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे आणि त्याच्या औषधाच्या खिडकीत मी बसतो. आमच्या डॉक्टर शेवाळे मॅडम. रक्तवाढीच्या गोळ्या देऊन देऊन त्या थकल्या, पण बायांचं रक्त काही वाढेना. एक दिवस चिडून म्हणाल्या, "रिकाम्या पोटात एकटी गोळी काय करणार?" ट्रस्टच्या मागं लागून त्यांनी मंजुरी मिळवली आणि चिठ्ठीवर चक्क जेवण लिहायला लागल्या. मेथी, डाळ, अंडी, शेंगदाणे, गूळ. हे सगळं द्यायचं माझ्या खिडकीतून. खोकल्याच्या बाटल्यांशेजारी मेथीच्या जुड्या!

फुकट आणि चांगलं म्हटल्यावर वस्तीला एकच कळलं. यात काहीतरी काळंबेरं आहे.

*

पहिली चिठ्ठी आली मारुतीमामांची. धान्याच्या मोंढ्यात हमाली करून वाकलेला माणूस. मी दोन जुड्या मेथी, डाळ आणि शेंगदाणे पुढं सरकवले.

"औषध?" मामांनी विचारलं.

"हेच औषध, मामा."

"गोळ्या संपल्या काय?"

"न्हाई, आहेत की. तुम्हाला मॅडमनं खाणंच लिहिलंय."

मामांचा चेहरा उतरला. ते पायरीवर बसले आणि शेजारच्याकडून फोन लावून घेतला. दुपार कलायच्या आत कंधारची लेक आणि हदगावची लेक, दोघी एसटीनं हजर! थोरली खिडकीशी येऊन रडायलाच लागली.

"साहेब, खरं सांगा, बाबाचे किती दिवस राहिलेत?"

मी हबकलो. मागून मामा म्हणाले, "माझ्या भावाच्या येळेला बी डॉक्टर आखरीला हेच म्हनला होता. आता काय खायाचं ते खाऊ द्या!"

*

मग पिशवीचा घोळ झाला. सामान द्यायला आम्ही साध्या कापडी पिशव्या शिवून घेतल्या होत्या. एका आजीनं पिशवी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आत हात घालून शिवणसुद्धा चाचपली.

"काय शोधून राहिल्या, आजी?"

"फोटो कोनाचा हाय?"

"कोणाचाच न्हाई."

"मग मत कोनाला द्यायाचं?"

"कोणालाच न्हाई. दवाखान्याची पिशवी आहे ती."

आजीनं सामान पदरात ओतून घेतलं आणि पिशवी परत केली. "बिनफोटूचं फुकट म्या घेत नसते बाबा. मागून कोन येऊन काय मागंल, नेम न्हाई!"

*

गफ्फारभाई ऑटो चालवतात. पोट साफ होत नाही म्हणून आले होते. मॅडमनी पालेभाजी, काकडी आणि ज्वारीची भाकर लिहून दिली. भाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि सरळ मॅडमच्या खोलीत परत गेले.

"डागदरसाब, किसी और की चिठ्ठी आ गई मेरे पास."

"नाव तुमचंच आहे ना, भाई?"

"नाम मेरा है, मगर नुस्खा तो बकरी का है!"

*

सुमनबाईंचा किस्सा मात्र तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या काळात आम्ही लोह मिसळलेला तांदूळ द्यायचो. त्यात नेहमीच्या तांदळात थोडे वेगळे, किंचित पिवळट दाणे असतात. पोषण असतं ते त्याच दाण्यांत. आठवड्यात वस्तीभर झालं, दवाखाना प्लास्टिकचा तांदूळ वाटतो! बाया पिशव्या आणून खिडकीखाली ठेवायला लागल्या. दोन गरोदर बायांनी तर तपासणीला यायचंच बंद केलं, आणि मॅडमची झोप उडाली.

शेवटी मॅडमनी अंगणात चूल मांडली. तोच तांदूळ सगळ्यांसमोर शिजवला आणि वरण घालून स्वतः ताटभर जेवल्या. बाया गोल करून बघत होत्या. कोणी हसलं नाही, कोणी उठलंही नाही. मॅडमचं जेवण झालं तरी बाया बसूनच.

मी विचारलं, "आता कशाची वाट बघून राहिल्या?"

सुमनबाई म्हणाल्या, "बघतोय, कवा पडतात ते!"

मॅडम पडल्या नाहीत. त्या दोन गरोदर बाया दुसऱ्या दिवशी तपासणीला आल्या. सुमनबाईसुद्धा तांदूळ न्यायला लागल्या. महिनाभरानं त्या एक डबी घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवली. आत सगळे ते पिवळट दाणे! मोठ्या समजूतदारपणे म्हणाल्या, "तांदूळ चांगला हाय तुमचा. भेसळ तेवढी निवडून काढली म्या."

*

संशय नुसता त्यांचाच होता असं नाही. कमल नावाची एक पोरसवदा बाई होती, तिचं वजन वाढता वाढेना. तिला अंडी जायची नेमानं. मॅडमना वाटलं, ही विकते. मला म्हणाल्या, "चला, घरी जाऊन बघू."

गेलो. कमल गडबडली आणि दारातच आडवी उभी राहिली. मॅडमचा संशय पक्का! "अंडी कुठं आहेत, कमल?" असं विचारल्यावर तिनं मान खाली घालून कोपऱ्यातल्या टोपल्याकडं बोट दाखवलं. टोपल्यात खुडूक कोंबडी फुगून बसलेली, आणि तिच्याखाली आमची सगळी अंडी!

"खाल्ल्यावर सपली असती," कमल म्हणाली. "म्या म्हनलं, पिल्लं झाली तर रोजचीच सोय व्हईल."

पोल्ट्रीच्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत हे मॅडमना सांगायचं होतं, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत कमलच रागानं म्हणाली, "पर तुमची अंडी खोटी हायत! एवढे दिस झाले, एकबी पिल्लू न्हाई!"

*

माझ्यावरही पाळी आली. बाजारातून मेथी घेऊन घरी चाललो होतो, तर रस्त्यात तिघांनी थांबवलं. त्यातला एक हळूच म्हणाला, "सर, आमच्या वाट्याची का?" तेव्हापासून आमच्या घरी भाजी बायकोच आणते. मी फक्त कांदे आणतो. ते चिठ्ठीवर नसतात.

*

आणि गंगाबाई.

त्यांची सून सहा महिन्यांची गरोदर, रक्त फार कमी. घरात पुरुष आधी जेवायचे, मग पोरं, मग सासू, आणि तळाला जे उरेल ते सुनेचं. मॅडमनी चिठ्ठीवर अंडी, डाळ, गूळ लिहिलंच. पण खाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली, 'हिने घरात सर्वांत आधी जेवावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच गंगाबाई चिठ्ठी फडकवत आल्या. खिडकीशी न थांबता सरळ मॅडमच्या खोलीत. रांगेतली माणसं दाराशी गोळा झाली. मीही गेलो.

"हे कोनी लिवलं?"

"मी लिहिलं, मावशी."

"माझ्या सुनंनं शिकिवलं ना तुमाला? खरं बोला."

"ती तर काहीच बोलली नाही. तिचं रक्त बोललं. असंच चाललं तर बाळंतपणात ती हाती लागायची नाही."

गंगाबाईंनी मॅडमकडं निरखून बघितलं. मग चिठ्ठीकडं. पुन्हा मॅडमकडं.

"म्हंजी हे औषधच हाय? गोळीसारखं?"

"गोळीपेक्षा मोठं."

"आन् डॉक्टरनं लिवलं म्हनल्यावर घरात कोनाला मोडता येत न्हाई?"

"नाही."

गंगाबाई स्टुलावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग दाराकडं वळून आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "तुमी काय बघून राहिले? जावा!" आम्ही दोन पावलं मागं सरलो. आवाज येतच होता.

"माझ्या नावानं बी एक लिवा."

"काय लिहू?"

"हेच. खालची ओळ."

"मावशी, घरात तुम्हीच मोठ्या. तुम्हाला कोण अडवणार?"

गंगाबाईंनी सुनेची चिठ्ठी पुढं सरकवून त्या ओळीवर बोट ठेवलं. मॅडमनी कागद ओढला, ओळ लिहिली आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. गंगाबाईंनी ती उजेडात धरली, मागून पुढून बघितली आणि परत टेबलावर ठेवली.

"शिक्का मारा," त्या म्हणाल्या. "मोठा मारा."