पांढऱ्या तोंडाचे वासरू

चोरीला गेलेला मुद्देमाल स्वतःच्या चार पायांवर घरी परत आला, असे माझ्या साऱ्या नोकरीत एकदाच घडले, म्हणून ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. मुद्देमाल म्हणजे एक वळू. लाल अंगाचा, पांढऱ्या तोंडाचा, हेरफर्ड जातीचा, आणि स्वभावाने माझ्या काही वरिष्ठांपेक्षा बराच शांत.

मी पुण्याहून सिडनीला आलो तो संगणकाच्या नोकरीसाठी. तिथे जीव रमेना, म्हणून इथल्या पोलिसांत भरती झालो. ब्लॅकटाउन भागात बरीच वर्षे काढल्यावर माझी बदली डोंगरांपलीकडे, मांसासाठी गुरे पाळणाऱ्यांच्या मुलखात झाली. काम जनावरांच्या चोऱ्यांचा तपास. बायको म्हणाली, "माणसांच्या मागे धावून दमलास, आता गुरांच्या मागे धाव." ठाण्यात साहेब आणि मी, असे दोघेच. काउंटरवरची घंटी वाजली की उठायचे, नाहीतर शेतांवरच्या बंदुकांची कपाटे तपासत फिरायचे. बंदूक ज्याच्या घरी, त्याचे कपाट पोलिसाने नियमाने बघायचेच. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून चहा प्यायला याहून चांगले निमित्त मला आजवर सापडलेले नाही.

फिर्याद दिली ती साठीच्या एका बाईंनी. नवरा गेल्यापासून सारा कळप त्या आणि त्यांचा जुना स्टॉकमन, म्हणजे गुरे सांभाळणारा माणूस, असे दोघेच बघत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सिडनीला गेल्या आणि परत आल्या तो वळू गायब. स्टॉकमन म्हणाला, "रविवारी नदीवर मासे धरायला गेलो होतो. आलो तेव्हा नव्हता." यापलीकडे एक शब्द नाही. तो पहिल्यापासूनच अबोल, आणि अबोल माणसावर संशय घेणे जगात सगळ्यात सोपे असते.

मी पंचनामा केला. कुंपण शाबूत होते, गेट लावलेले होते. तिकडे एक अलिखित कायदा आहे, गेट जसे सापडले तसेच ठेवून जायचे. पण चोर तो कायदा कशाला पाळेल? शिवाय बाईंच्या त्या गेटची साखळी भारी नाठाळ. खांबामागून घेऊन, उलटी फिरवून आकड्यात अडकवावी लागे. मला ते काही केल्या जमेना, शेवटी बाईंनीच लावली. नेणारा परका नव्हता, एवढे मी तिथेच ठरवले.

महिनाभराने एका सकाळी वळू आपल्या जागी उभा. अंगावर ओरखडा नाही, साखळी जशीच्या तशी. साहेब म्हणाले, "मालमत्ता मिळाली ना? मग क्लोज कर, मेट." बाई हसल्या, "सुट्टीवर गेला असेल." नोव्हेंबरात त्यांनी त्याला गाईंमध्ये सोडले आणि मी कागद बंद केले.

एप्रिलमध्ये खबर आली. त्या भागातली जनावरांची डॉक्टर आपली मराठी, वसईची. मुंबईत शिकलेली, नवऱ्याबरोबर इकडे आलेली. तिचा फोन आला.

"काका, आज आर्वोला, म्हणजे दुपारी, फ्री आहात का? ती वळूची केस री-ओपन करा."

"का ग, परत पळाला?"

"पळाला नाही, पसरवतोय. मी आज बाईंच्या गाई चेक केल्या. अर्धा कळप भाकड. वळूची टेस्ट केली तर विब्रिओ."

"म्हणजे काय, मला समजेल असं सांग."

"एक बॅक्टेरिया आहे. वळूला काहीच होत नाही, तो हिरोसारखा फिरतो. पण एका गाईकडून घेतो आणि बाकी सगळ्यांना देतो. गाय गाभण राहते आणि लगेच गाभ जातो, बाहेरून कळतही नाही. बाईंच्या कळपात बाहेरचं जनावर कधी येतच नाही, आणि सप्टेंबरला मीच या वळूला क्लिअर केलं होतं. सो, तो जिथे महिनाभर राहून आला ना, तिथूनच आणलाय. ती जागा शोधा काका, नाहीतर अजून कुठे कुठे जाईल."

खबरे मी नाना तऱ्हेचे पाहिले, पण जंतू खबऱ्या पहिल्यांदाच भेटला.

मी बाईंकडे गेलो तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता. वळू स्टॉकमननेच कुणालातरी वापरायला दिला, असे त्यांनी मनाशी धरले होते. जूनअखेर त्याने शेतावरचे घर रिकामे करायचे होते. इतक्या वर्षांचा माणूस, आणि त्या छोट्या गावात असा ठपका घेऊन त्याला दुसरीकडे काम कोण देणार? मी त्याला विचारले, "स्वतःची बाजू का मांडत नाहीस?" तो म्हणाला, "मांडली की. मासे धरायला गेलो होतो." मला त्याचा रागही आला आणि दयाही.

मी शेजाऱ्यांचे जबाब घेत फिरलो. त्यांतला एक म्हणजे गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा कॅप्टन. सत्तरीचा, भला माणूस. गुरांबद्दल काही अडले की सगळे त्याच्याकडे धावत. बाईंचा नवरा गेला तेव्हा त्यानेच महिनोन्‌महिने त्यांची गुरे पाहिली होती. त्या नाठाळ साखळीशी त्याची तेव्हापासूनची ओळख. चहा पिता पिता मी सहज म्हणालो, "यंदा वासरं कशी झाली?" तिकडचा पशुपालक असा की पाऊस विचारला तरी वासरांचे सांगत बसतो. हा गृहस्थ वासरे विचारल्यावर पावसाचे सांगू लागला. मी चहा संपवला आणि उठलो. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते हेच.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मालकाच्या परवानगीवाचून डॉक्टरला त्याच्या गाई तपासता येत नव्हत्या, आणि पावसाच्या गप्पांवर मला कुठलाही न्यायाधीश वॉरंट देणार नव्हता. तरी मी निश्चिंत होतो. कॅप्टनचा सारा कळप काळ्या अँगस गाईंचा. हेरफर्डचे पांढरे तोंड मात्र असे की गाय कितीही काळी असो, वासरू बापाचेच तोंड घेऊन येते. वळू गेला ऑक्टोबरात, गाईचे दिवस नऊ महिन्यांचे. सगळ्याच गाईंचा गाभ काही रोगाने जात नाही. पुरावा पोटात होता आणि जुलैत आपण होऊन बाहेर येणार होता.

बाईंना मी म्हणालो, "त्या माणसाला जुलैअखेरपर्यंत राहू द्या."

"का?"

"आत्ता सांगत नाही. पण चुकीच्या माणसाला घालवलंत तर तुम्हालाच झोप लागायची नाही."

त्यांनी मुदत दिली, पण त्याच्याशी बोलणे टाकले. जुलै लागला तसा त्याने आपला ट्रेलर दारासमोर आणून सामान भरायला सुरुवात केली. येता-जाता तो ट्रेलर दिसे आणि मला घाई होई.

बंदुकांच्या कपाटाचे निमित्त काढून मी कॅप्टनकडे गेलो. जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा, गवतावर दव गोठलेले होते. व्हरांड्यात कॅप्टन बाटलीने एका वासराला दूध पाजत होता. वासरू अंगाने काळेभोर आणि तोंडाने दुधासारखे पांढरे. हातच्या काकणाला आरसा कशाला! बाकीची त्याने दूर मागच्या कुरणात नेऊन ठेवली असणार, पण याची आई मेलेली. पोरके जनावर उघड्यावर सोडून देणे त्याच्याने झाले नव्हते. त्याचा हा चांगुलपणाच त्याला नडला.

मी आधी कपाट तपासले. मग समोर बसलो आणि रीतसर सांगितले, "कॅप्टन, आता तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही. पण बोललात तर ते कोर्टात वापरलं जाऊ शकतं."

"वळू भाड्यानं आणला होता, मेट."

"कुणाचा?"

तो बाटलीत किती दूध उरले ते बघू लागला. तिकडे प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला असतो, आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले की नोंद करावी लागते. भाड्याच्या वळूची नोंद कुठेही नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. वासरू माझी बोटे चोखू लागले.

चौकशीची माझी पद्धत साधी होती. माणूस चोरीबद्दल खोटे बोलायची तयारी करून बसलेला असतो, म्हणून मी चोरीबद्दल विचारत नसे. मी त्याला आमच्या नात्यातली एक गोष्ट सांगितली. "आमच्याकडे एका मुलीला टीबी झाला होता. कळलं तर लग्न मोडेल म्हणून घरच्यांनी लपवलं. म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न झालं, आणि वर्षभरात सासरचं अख्खं घर खोकत होतं. वाईट माणसं नव्हती हो ती. त्यांना फक्त लाज वाटली."

कॅप्टनने बाटली खाली ठेवली.

"गेल्या वर्षी माझ्या गाई रिकाम्या राहिल्या," तो म्हणाला. "मला वाटलं, माझा वळू म्हातारा झाला."

"मग डॉक्टरला का नाही बोलावलंत?"

"डॉक्टरची गाडी दारात दिसली की संध्याकाळी पबमध्ये सगळ्यांना कळतं. चाळीस वर्षं लोक मला गुरांबद्दल विचारतात. शेजारणीकडे वळू मागितला असता तर तिनं हसत दिला असता. पण तुझ्या वळूला काय झालं, हे विचारलं असतं ना! रोग आहे हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ. तिचा निरोगी वळू मी आजारी करून पाठवला."

"आणि तिचा स्टॉकमन?"

"वळू परत गेला की प्रकरण मिटेल, असं वाटलं होतं."

"मिटलं नाही. त्याचा ट्रेलर भरून उभा आहे."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाईट वाटले, पण मी त्याला सोडले नाही. जबाब लिहून घेतला आणि म्हणालो, "हे बाईंना तुम्हीच सांगायचं."

त्याने त्याहून जास्त केले. शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गावाची बैठक होती. वणव्याच्या तयारीचे बोलून झाल्यावर कॅप्टन उभा राहिला. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "वळू मी नेला होता. तिच्या माणसाचा काहीही संबंध नाही. माझ्या कळपात रोग आहे आणि तो तिच्या कळपात मी घातला." मग मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरले. "आमच्याही गाई दोन वर्षं रिकाम्या राहतायत." मग आणखी एक, मग त्याच्या शेजारचा. शेवटी माझी वसईची डॉक्टर उठली आणि म्हणाली, "नो वरीज, सोमवारी मी सगळ्यांकडे येते." आठवडाभर ती एका शेतावरून दुसऱ्या शेतावर वळूंना लस टोचत हिंडत होती.

बाईंनी फिर्याद मागे घेतली, आणि वरिष्ठांनी कॅप्टनला ताकीद देऊन प्रकरण संपवले.

आता निवृत्तीनंतर ब्लॅकटाउनला मित्रमंडळींत लोक खुनाच्या केसेस विचारतात आणि मी वळूची सांगतो. ते हसतात. पण त्या केसने मला शिकवले ते कुठल्याही खुनाने शिकवले नाही. चोर शोधायचा असेल तर खोटे कोण बोलतो ते बघावे, आणि रोग शोधायचा असेल तर गप्प कोण आहे ते. मात्र गप्प बसलेला प्रत्येकजण काही लपवत नसतो. त्या दिवशी शेडमधल्या शेवटच्या बाकावर स्टॉकमन मान खाली घालून बसला होता. सगळे पांगल्यावर बाई त्याच्याजवळ गेल्या. माफी मागणे त्यांना जन्मात जमले नव्हते. त्या त्याच्या शेजारी बाकावर बसल्या.

मग म्हणाल्या, "ट्रेलर रिकामा कर. मला तो उद्या गावात न्यायचाय. गेटला नवी साखळी आणायची आहे, आणि ती कशी लावायची ते फक्त आपल्या दोघांना माहीत असेल."