कापसासारखी बुरशी

लिफ्टमामा म्हणजे अठ्ठावीस वर्षं लिफ्टच दुरुस्त करत आलेला माणूस. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतं, कारण सापडलं की उपाय असतो, एवढं सरळ त्यांचं डोकं. त्या डोक्याचा पार भुगा केला तो दोन खेकड्यांनी.

खेकडे लेकीचे. शंख पाठीवर घेऊन फिरणारे, एक मोठा, एक छोटा. ती शिकायला बाहेरगावी गेली आणि काचेची पेटी बाबांच्या गळ्यात पडली. तिसऱ्या आठवड्यात पेटीतल्या लाकडावर पांढरा कापूस उगवला. मामांनी फडक्याने पुसला. दोन दिवसांत दुप्पट.

"दमट झालंय," पाळीव प्राण्यांचा दुकानदार म्हणाला. "झाकण उघडं ठेवा."

ठेवलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, झाकण लावा आधी. ओलावा गेला तर त्यांना श्वास घेता येत नाही."

"अगं, पण ओलाव्यानेच बुरशी येते ना?"

"हो."

"मग?"

"मग दोन्ही सांभाळायचं."

इकडे आड, तिकडे विहीर. लिफ्ट एकतर वर जाते, नाहीतर खाली. दोन्ही सांभाळा असं तिला कोणी सांगत नाही. शेवटी मामांनी लाकूड काढून उकळलं, कडकडीत वाळवलं, काच व्हिनेगरने पुसली आणि उरलेलं खाणं रोज सकाळी काढून टाकायला सुरुवात केली. झाकणाला बोटभर फट ठेवली. बुरशी हटली. नेमकी कशाने, ते कळलं नाही, आणि हेच त्यांना सलत राहिलं.

त्याच सुमारास मोठा खेकडा दिसेनासा झाला.

"मेला असणार वाळूखाली," बायको म्हणाली. "उकरून बघा."

"उकरू नका," लेक फोनवर म्हणाली. "कात टाकत असेल. मध्येच उकरलं तर खरंच मरेल. मेला असेल तर कुजक्या मासळीचा वास येईल."

मामांचं नाक कायम चोंदलेलं. त्यांनी बायकोला बोलावलं. तिने पेटीत नाक घातलं, विचार केला. "वास आहे. पण कसला, ते काही सांगता येत नाही."

मामांनी चमचा हातात घेतला, वाळूपर्यंत नेला आणि परत ठेवला. असं पाच आठवड्यांत कितीदा तरी झालं. कामावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरले तरी मनात वाळूच.

एका रविवारी वाळूवर खेकडा पडलेला दिसला. शंखाबाहेर, पाय पसरून, नांगी, डोळे सगळं जागच्या जागी, हलका आणि फिकट. मामांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. लेकीला काय सांगायचं? मग त्यांनी तो कागदावर घेतला. तेवढ्यात लाकडामागून शंख हलला. छोटा खेकडा पाण्याच्या वाटीपाशी होता, तो दिसतच होता. हा वेगळा होता. मोठा, तकतकीत, तांबडा.

मामांनी तिथूनच फोन लावला.

"पेटीत दोन आहेत," ते म्हणाले. "दोन्ही जिवंत. आणि एक मेलेला माझ्या हातात आहे. पोरी, तू तीन ठेवून गेली होतीस का?"

लेक इतकी हसली की तिला बोलता येईना. हातात होती ती मोठ्याची कात, आतून रिकामं जुनं कवच. मामांना ते दोनदा समजावून सांगावं लागलं. तरी फोन ठेवल्यावर त्यांनी पेटीतले खेकडे पुन्हा मोजले.